निंबाखालची जागा आणि नव्वद सीसी

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. संध्याकाळी.

आणि वर हसतात! गाडी माझी बंद पडली, ढकलली मी, घाम माझा गेला, आणि हसायला बठ्ठा बाजार. शी.

चढाच्या दुसऱ्या वळणावर स्कूटरने नेहमीसारखा जीव टाकला. साठ सीसी. साठ सीसीत काय येतं? मिक्सर बरा. मागे परकर-ओढण्यांचं गाठोडं, पायाशी ब्लाऊजपीसची पिशवी, मध्ये मी. मला मागे टाकून कोण कोण गेलं ते लिहून ठेवते. दोन जीपा. एक ट्रॅक्टर. डोक्यावर कोंबड्यांची डाल घेतलेली एक म्हातारी. ती थांबून म्हणाली, बाई, हात लावू का? मी म्हटलं, नको, इंजिन थंड करतेय.

पोचले साडेदहाला. अठरा वर्षं त्या बाजारात निंबाखालची जागा माझी. आणि शेजारच्या नूतनने तिच्या पालाची दोरी माझ्या निंबाला बांधलेली! ही काल आलेली बांगडीवाली. म्हणे, अक्का, मला वाटलं आज तुम्ही येत नाही. वाटलं म्हणे. नवऱ्याची लोडिंग रिक्षा आहे म्हणून सहाला येऊन बसते. त्यात हिचं काय कर्तृत्व?

बाजाराच्या जागा झुलाल आबा बघतात. ते म्हणाले, भिकुबाई, रीत ठाऊक आहे ना, तीन बाजार जागा रिकामी राहिली की जो बसेल त्याची. मला सांगतात! ती रीत मी स्वतः दोघांवर चालवलीय.

एसटी दहाच्या आत वर जात नाही. जीपवाला गाठोडं टपावर फेकतो आणि मला बोकडाशेजारी बसवतो. ठरलं. इंजिन मोठं करायचं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार ११ मार्चला. सगळ्या पाड्यांच्या पोरी त्या दिवशी नवी ओढणी घेतात. आमचं वर्ष त्या एका दिवसावर चालतं. पाच मंगळवार हातात आहेत. पुष्कळ झाले.

५ फेब्रुवारी, बुधवार.

लोटन मिस्त्रीकडे गेले. शिरपुरात दुसरा धड मिस्त्री नाही, हा पण धड नाही. गाडी बघितली, गाठोडं विचारलं, आणि म्हणतो, अक्का, दोष गाडीमा नही शे, गाठोडामा शे. निम्मं करा. मी म्हटलं, निम्मं गाठोडं घेऊन जायला मी काय निम्मी बाई आहे?

मग म्हणाला, नव्वद सीसीचं किट बसतं. नवा सिलेंडर, नवा पिस्टन, इंदूरहून मागवावं लागेल. पण कागदावर गाडी साठचीच राहील, पोलिसाने धरलं तर? मी म्हटलं, पोलीस काय सिलेंडर चाटून बघतो? तर दात काढून म्हणतो, बोकडले बैलनं काळीज बसाडानं शे का?

मला इंजिन शिकवतो. माझ्या बापाच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. तेराव्या वर्षी हँडल मी मारायची. चौथीत शाळा सुटली, पण इंजिन कळतं. हे सगळं लिहून ठेवतेय, कारण हा उद्या शब्द फिरवेल.

८ फेब्रुवारी, शनिवार.

आमचे हे कापसाच्या जिनिंग मिलवर वॉचमन आहेत. दिवसभर बसून राहायचा पगार घेतात, त्यामुळे बसून सुचणारं सगळं सुचतं. आज म्हणाले, चढाखाली अर्धं गाठोडं ठेवायचं, दोन फेऱ्या करायच्या. दोन फेऱ्या करायच्या असत्या तर गाढव घेतलं असतं. तसं बोलले. ते म्हणाले, गाढव चढलं तरी असतं. वांग्याची भाजी होती, त्यांना रस्सा नुसताच वाढला.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

किट आलं नाही, गाडी लोटनकडे खोलून पडलीय. लोटन म्हणतो पार्सल निघालंय. निघालंय, निघालंय. वरात आहे का?

एक बाजार रिकामा गेला. एकाने काय होतं.

दुपारी झुलाल आबांचा फोन. अक्का, तब्येत बरी ना? बरी आहे म्हटलं. मग हळूच म्हणाले, नूतनने आज चार ओढण्या टांगल्यात. बांगडीवालीने ओढण्या! आणि रंग कसले, तर पिस्ता. डोंगरातली पोरगी पिस्ता घेईल का? तिला लाल पाहिजे, पिवळा पाहिजे, लांबून दिसला पाहिजे. हे कळायला अठरा वर्षं लागतात. किळस आली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

बसवलं! नव्वद! चालू केली तर गल्लीतलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं. हा आवाज. याला गाडी म्हणतात.

जुना सिलेंडर लोटन पुडक्यात बांधून देत होता, असू द्या म्हणे घरात. दारावर भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकला. मागे बघायची मला सवय नाही.

एकच घाण करून ठेवलीय. लोटन म्हणतो, पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवायची, आणि ओझं अजिबात नाही. नवा पिस्टन सिलेंडरमध्ये बसू द्यायचा असतो. म्हणजे शक्ती आणायची आणि वापरायची नाही. लग्नातली पैठणी का ही?

१५ फेब्रुवारी, शनिवार.

धुळे रस्त्याने बावीस किलोमीटर चालवली. चाळीसच्या आत. वीट आला. एक दूधवाला सायकलवर बाजूबाजूने आला आणि त्याच्या म्हशीचं सगळं दुखणं सांगून झालं, तरी मी त्याच्या पुढे गेले नव्हते. शेवटी तोच म्हणाला, येतो अक्का, मला उशीर होतोय.

असं पाचशे करायला मला संक्रांत उजाडेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सापडलं. लोटनला कसं सुचलं नाही? कारण त्याच्या बापाला विहीर नव्हती. आमचं इंजिन दिवसभर एका जागी उभं राहून चालायचं. कुठे जात होतं ते? मग गाडीने तरी कशाला जायला पाहिजे? इंजिनाला काय कळतं, चाकाखाली रस्ता आहे की नाही.

उद्याचा बाजार बुडेल, बुडू दे. दुसराच तर आहे. उद्या पाचशे भरून टाकते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.

अंगणात डबल स्टँडवर लावली. मागचं चाक अधांतरी. ॲक्सिलेटर परकराच्या नव्या नाड्याने बांधला. चाक मस्त फिरतंय. तासाला चाळीस धरले तर संध्याकाळी सहापर्यंत काम संपलं. स्वयंपाक पण होईल.

सकाळी ८.

लोटनने शून्यावर लावून दिलेलं मीटर बावीसवरच आहे. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, मीटरची केबल पुढच्या चाकाला असते, ते कुठे फिरतंय? मी म्हटलं, मग मीटर खोटं आहे, किलोमीटर खरे आहेत.

सकाळी ९.१५.

गल्ली गोळा झाली. कोणाला काही कामं नाहीत. समोरची म्हणते, भिकुअक्का, पीठ किती निघालं? तिची सासू म्हणते, आमचं पण पायलीभर टाका. मोठं काम करताना लोक असेच बोलतात.

सकाळी १०.४०.

वास येतोय. सायलेन्सरचा रंग बदललाय. पण घाबरण्यासारखं नाही, आठवलं. बापाच्या इंजिनातून विहिरीचं पाणी फिरायचं, म्हणून ते थंड राहायचं. एवढंच राहिलं होतं. कळशी आणते.

१०.४५.

ओतली. टण्ण असा आवाज आला. मग बंद पडली. आता शांत आहे. थंड झाली.

संध्याकाळी.

किक खाली जात नाही. आराम करू दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

लोटनने सिलेंडर बघितला आणि टोपी काढली. जसं काही घरातलं कोणी गेलं. केवढी चीर पडली होती, बोट जाईल एवढी. विचारतो, किती चालली? मी म्हटलं, दोनशे तरी. मीटरवर बावीस, म्हणाला. मग विचारतो, पाणी कोणी ओतलं? मी म्हटलं, दव पडलं असेल. तर म्हणतो, अक्का, कळशीभर?

बोलायला जीभ फार. मी सांगितलं, एवढ्याशा पाण्याने फुटला म्हणजे मुळात तो लहानच होता. याच्याहून मोठा बसव. तो म्हणाला, जुना साठचाच परत बसवू, कुठे आहे तो? मी विषय बदलला.

एकशे दहाचा सांगितलाय. इंदूर नको, धुळ्यात मिळतो. धुळ्यात मिळत होता तर आधी इंदूरला कशाला गेला होता हा? यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

बसला. लोटन म्हणतो, आता बेल्ट आणि क्लच पण बदला, एवढा जोर त्यांना झेपायचा नाही. बघितलंत? एक काम काढलं की दुसरं. बेल्ट मी स्वतः डोळ्यांनी बघितला. चांगला आहे. काळा आहे.

पाचशे किलोमीटरचं परत सुरू केलं त्याने. मी सरळ उठून आले. मंगळवारी पहाटे निघायचं, नूतनच्या आधी पोचायचं, तिची दोरी सोडून तिच्या हातात द्यायची. काय बोलायचं ते पण ठरवलंय. फार नाही. दोरी विसरली होतीस, एवढंच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी, रस्त्यावरून.

पेन्सिलीने लिहितेय. दुसरं वळण. सपाटीला अशी पळाली की डोळ्यांतून पाणी आलं. चढ लागला तर आवाज वाढत गेला आणि गाडी कमी होत गेली. इंजिन बोंबलतंय, चाक ऐकत नाही. मग रबर जळल्याचा वास आणि फाट्. बेल्टचे दोन तुकडे. काळाच आहे अजून.

नूतनची रिक्षा गेली. तिने हात केला. मी डोंगराकडे बघत होते.

दुपारी ४.

जीपा सगळ्या भरून गेल्या. गाठोडं टाकून मी चालत जाणार नाही. बसून राहिले.

बाजार करून बायका खाली यायला लागल्या. वरच्या पाड्यातली ओळखीची एक पावरीण थांबली. तिच्या दोन्ही लेकींची पहिली ओढणी माझ्याकडची. म्हणाली, बाई, तू बसली नाही, मग आम्ही तिच्याकडून घेतलं. तिच्या हातात पिस्ता ओढणी. तिनेच गाठोडं सोडायला लावलं आणि आणखी दोन घेतल्या. लाल.

म्हणजे आज मी बाजार केला. विक्री झाली म्हणजे बाजार झाला. तिसरा रिकामा धरता येणार नाही. आबांना हे नीट समजावून सांगावं लागेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपास, त्यात आबांना फोन. सगळं सांगितलं. दोन ओढण्या, रस्ता, विक्री. तिकडून हसायचा आवाज. मग म्हणाले, भिकुबाई, वळणवर बाजार भरस का? मी म्हटलं, निघाले तर होते ना! तर म्हणाले, जागा बठनारानी शे, निंघनारानी नही.

अठरा वर्षं. आणि जागा बसणाऱ्याची, असं एका वाक्यात.

साबुदाणा पण चिकट झाला.

४ मार्च, मंगळवार.

जीपने वर गेले. गाठोडं नेलं नाही. नुसतं बघायला. बोकडाशेजारीच बसवलं.

नूतन निंबाखाली. तिच्या जुन्या जागेवर कोणी चपलावाला आलाय. मला बघून उठली, स्टूल दिलं, चहा मागवला. गिऱ्हाइकासारखं. त्या निंबाखाली मला कोणी चहा विचारावा, ही वेळ.

दोन पोरी आल्या आणि पिस्ता चाचपायला लागल्या. नूतन भाव सांगत बसली. असं असतं का? मला बघवेना. मी त्यांना सांगितलं, ही ठेव, ती पिवळी घे, भोंगऱ्याच्या गर्दीत तुझी आई तुला शोधणार कशी? हसल्या, दोघींनी पिवळ्या घेतल्या. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या. दुपारपर्यंत पिवळ्या संपल्या. नूतन म्हणाली, अक्का, तीन बाजारांत माझ्या एवढ्या गेल्या नाहीत. मी म्हटलं, तुझ्याकडे माल नाही आणि तोंड पण नाही.

मग उठून आले. तिच्या मालावर घसा बसवला मी. स्वतःचीच शिसारी आली.

५ मार्च, बुधवार.

घरात चार गाठोडी भरून लाल-पिवळं पडलंय. भोंगऱ्याला सहा दिवस. लोटनचा निरोप आला, बेल्ट-क्लच टाकू का? मी म्हटलं, टाक तुझ्या डोक्यात. गाडीवर परकर वाळत घातलेत.

आमचे हे म्हणाले, नूतनला विचारून बघ. मी म्हटलं, मेले तरी नाही.

७ मार्च, शुक्रवार.

नूतनच्या नवऱ्याच्या हाती चिठ्ठी दिली. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, नाहीतर पुढे म्हणतील विनवण्या केल्या.

नूतन, भोंगऱ्याला तुझ्या पालात मला चार हात जागा पाहिजे, आणि रिक्षात चार गाठोडी. निंबाच्या बाजूला मी बसेन. बोलायचं काम माझं, तू बांगड्या बघ. पिस्ता घरी ठेव. हे उपकार समजू नये. मला मागे बसायला चालेल, पण रिक्षात बोकड असेल तर आधी सांग. हो की नाही ते रविवारी दिवस मावळायच्या आत कळव. सोमवारी मला गाठोडी बांधायची आहेत.