उभ्या बसची डबल बेल

रविवार, संध्याकाळ. लालबाग.

खांदे भरून आलेत. काल लोअर परळच्या पबमध्ये बँडबरोबर गिटार बडवली, आज बसच्या म्युझियममध्ये बिनपगारी सेवा. आई सकाळीच म्हणाली, "फुकटात बसगाडी पुसतंस, मगे घरातलो पंखो कोण पुसतलो?"

कालचं डोक्यातून जात नाही. आम्ही स्वतःची गाणी घसा फोडून म्हटली, पण एकानेही मान वर केली नाही. सगळे आपले चकण्यात गुंग.

आज जुन्या डबलडेकरमध्ये माणसं बघायला चढली होती. मी कंटाळून कंडक्टरच्या घंटेची दोरी दोनदा ओढली. टण टण, म्हणजे बस सुटली. त्या बसला इंजिनच नाही. तरी सगळ्यांनी झटकन दांडा धरला! एक आजी पाय रोवून ओरडल्या, "अरे सावकाश, बसू तर दे!" मग सगळे हसले. पण दांडा लगेच कुणी सोडला नाही.

अजून तेच दिसतंय, दांड्यावरचे ते हात. नुसत्या दोन ठोक्यांवर. माझ्याकडे असं एक तरी गाणं आहे का?

नाही.

गिटार आज पिशवीतच राहू दे.