मैनेची खरी हकीकत

प्रिय मितेश,

परवा घरून निघताना तुझ्याशी धड बोलले नाही, त्याचा तुला राग आला असेल. तू दिलेली सुरमईची पिशवीही मी ओट्यावरच ठेवून आले. विसरले नव्हते. घ्यायला हात पुढे झाला नाही.

कॉलेजात मी शिकवते ती बटकीची कादंबरी तुला ठाऊक आहे. मालकाच्या घरून पळून होडीने खाडी ओलांडणारी मैना. शेवटचं प्रकरण वाचताना दरवर्षी वर्गात कुणीतरी रडतंच. ही मैना खरी कोण होती, ते मी दोन वर्षं शोधतेय. गेल्या आठवड्यात पालीला लेखकाच्या पणतीने, मृणालीताईंनी, लेखकाची एक जुनी वही मला वाचायला दिली. लेखक तेव्हा आपल्याच नाटे गावात मास्तर होते. मैना खरी होती, नावही तेच. गुलामगिरी कायद्याने बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिला एका गलबतवाल्याने मासळी सुकवायला कोंडून ठेवलं होतं. त्याचं नाव आनंदा. आपले खापरपणजोबा.

पुढचं पान त्याहून वाईट होतं. मैना पलीकडे पोचलीच नाही. दुसऱ्याच दिवशी तिला धरून आणलं आणि आठवड्याभरात ती घरामागच्या खोलीत मेली. मास्तर रोज आनंदाकडे जेवत; त्यांना सगळं माहीत होतं. ‘फौजदाराकडे जायला हवं होतं. गेलो नाही. म्हणून पुस्तकात तिला पार पोचवली,’ असं त्यांनी लिहून ठेवलंय.

ती खोली कुठे होती, एवढंच बघायला मी परवा आले होते. तिथे आता तुझी कोळंबी सोलायची शेड आहे. तू फोनवर होतास, म्हणून एकटीच मागे गेले. दाराला बाहेरून कडी. काढली. आत अकरा बायका, बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरीफटक पडलेली. एक तापाने फणफणलेली, पोत्यावर पडून. त्यांतलीच एक, झारखंडची फुलमणी, जवळ आली आणि हळूच म्हणाली, “दीदी, अभी कौन-सा महीना चल रहा है?”

महिना, मितेश! तारीख नव्हे.

त्यांचे फोन, आधार कार्डं तुझ्या कपाटात. तुला विचारलं, तर हसलास. “अगो ताई, परमुलखातल्या बायका, कुठेतरी हरवतील. त्यांच्याच भल्यासाठी ठेवलंय.” तोवर तुझ्या मुकादमाने, हर्षदने, माझ्या डोळ्यांदेखत कडी परत घातली. तू मला चहा विचारलास. मी तो प्यायलेसुद्धा.

काल दिवसभर मैनेवरचा लेख लिहायला बसले. भराभर लिहून होत होता, त्याचीच भीती वाटली. आज सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. तुझं नाव, शेडचा पत्ता, सगळं. दुपारी इथे माझ्याकडे आल्यावर आईला सांगितलं. “भावाला बुडवलंस,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अजून बाहेर आलेली नाही.

तुला वाटेल, ताईने फोन तरी करायचा. दोनदा नंबर काढला होता. पण फोन केला असता तर तू त्या बायकांना गाडीत घालून दुसरीकडे हलवलं असतंस. मी तुला ओळखते. म्हणून हे पत्र. पोस्टाला दोन दिवस लागतात. अधिकारी उद्या सकाळी येतील, मी त्यांच्यासोबत असेन. तू हे वाचशील तेव्हा शेड रिकामी झालेली असेल. ती तापातली बाई तोवर टिकावी, एवढंच मागते आहे. तिचं नावही मी विचारलं नाही.

तरीही तुझीच,
नेत्राताई