गुटीचं पाणी

रायपूर
मंगळवार, २४ मे २०१६

प्रिय दीक्षा,

सकाळी सहाला उठलो. नळ आला, पाणी भरलं. नऊला बूढापारात डॉक्टर सुनीती यांच्याकडे गेलो, तिथे पाऊण तास बसलो. येताना गोल बाजारातून झाकणाचं एक पातेलं घेतलं. घरी येऊन भात केला, निम्मा उरला. एकट्याच्या भाताचा अंदाज मला अजून येत नाही. आता तीन वाजलेत आणि हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करतोय. मधे दोनदा उठून दाराची कडी पाहून आलो. कोणी येणार नाही, तरी पाहिली.

आईला जाऊन चार महिने झाले. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. ती तुझ्याशी अर्धा तास बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणायची, "घ्या, तुमी बी हां-हूं करून घ्या." तेवढंच मला जमायचं. म्हणून लिहितो आहे.

परवा आमच्या जावयांचा, धर्मपालरावांचा, फोन आला होता. तू बाजूच्या खोलीत होतीस, म्हणून हळू बोलत होते. म्हणाले, "बाबा, डॉक्टरीणबाईनं पोटासाठी पुड्या देल्या, ही रोज बेसिनमध्ये ओतून देऊन राहिली. दही बी सोडलं. म्हणते, त्याच्यात जिवंत जंतू हायेत. आईनं बासी खाल्ली अन् भाऊ गेला, पोटात बाळ हाये, मले रिस्क नाही घ्यायची. तुमीच समजवा, भई." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

तुझा भाऊ प्रफुल्ल तुझ्या आधी तीन वर्षं झाला. तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रायपूर तेव्हा राजधानी वगैरे काही नव्हतं. शेजारी बिसाहिनबाई होत्या, त्यांचे मालक लाइनवर गँगमन. आईला दिवस गेले तेव्हा तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. बिसाहिनबाई रोज सकाळी कासंडीत बासी आणून द्यायच्या, रात्रीचा भात पाण्यात ठेवलेला, थोडा आंबलेला, वर मीठ आणि कांदा. "खा ले दीदी, पेट जुड़ाही," म्हणायच्या, म्हणजे पोट थंड होईल. आई ते मिटक्या मारत खायची. तेवढंच तिला पचायचं. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, ते पाहवत नव्हतं. "आमच्या घरात काय धान्य सरलं का व, शिळं खाते पोट्टी!" प्रफुल्ल झाला तेव्हा सात पौंडांचा होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे. सात पौंड.

पाच महिन्यांचा असताना तो जुलाबानं गेला. मे महिनाच होता. चार दिवसांत गेला. घाटावरून परत आलो तेव्हा ओसरीत बाया बसल्या होत्या आणि आजी त्यांना सांगत होती, "बासी खाल्ली हिनं पोटुशी असताना. पोट्ट्याचं पोट कच्चं राह्यलं." तुझी आई दारात उभी होती. मी बुटाची नाडी सोडत होतो. ती सोडायला मी फार वेळ लावला.

मग ती गोष्ट तशीच चालत राहिली. तू लहानपणी आइस्क्रीम मागितलंस तरी घरात कोणीतरी ती गोष्ट काढायचं. तुझ्या वेळी आईनं दह्याला हात लावला नाही, ताकाला नाही. बिसाहिनबाईंची कासंडी तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवली. पुन्हा उभ्या आयुष्यात तिनं बासी खाल्ली नाही. फक्त जानेवारीत, दवाखान्यात, एकदा मागितली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारतो. विचारलं नाही.

आज सुनीतीबाईंना विचारलं. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. त्या म्हणाल्या, "काका, या पुडीत चांगले जंतू असतात. आईच्या पोटाचा बाळाच्या पोटाशी संबंध असतो, त्यावर पुष्कळ अभ्यास चालू आहे. यानं बाळाचं पोट नक्की चांगलंच होईल अशी हमी मी देणार नाही. पण तिच्या डॉक्टरांनी तिला पाहून दिली आहे, तर मनानं ओतून देऊ नये. शंका असेल तर त्यांनाच विचारावं." मी बासीचं विचारलं. त्या म्हणाल्या, आईनं पोटुशी असताना बासी खाल्ली म्हणून पाच महिन्यांचं बाळ जुलाबानं जात नाही. आणि मग सहज विचारलं, "बाळाला वरचं पाणी कोण देत होतं?" मी कागदाची घडी केली आणि उठलो.

दीक्षा, त्या आठवड्यात तुझी आई तापानं फणफणली होती. बाळाची गुटी मी उगाळली. सहाण, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सगळं ती अंथरुणातून सांगत होती. "पाणी उकळलेलं घ्या जी," हेही तिनं सांगितलं होतं. मला ड्यूटीला उशीर होत होता. स्टोव्ह पेटेना. मी माठातलं पाणी घेतलं. दोन दिवसांचं होतं. तीन सकाळी तसंच केलं. त्यानंच झालं का, हे मला कोणी सांगू शकणार नाही. पण आजी बोलत होती तेव्हा मला हे ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो. तेहतीस वर्षं गप्प राहिलो. तुझ्या आईला कळलं होतं. घाटावरून आलो त्या संध्याकाळी तिनं तो माठ अंगणात नेऊन रिकामा केला आणि पालथा घातला. मला काही विचारलं नाही. तू झालीस तेव्हा सहाणेजवळ उकळलेल्या पाण्याचा गडू झाकून ठेवायची आणि सहाणेला मला हात लावू द्यायची नाही. तिनं मला कधी कोणासमोर उघडं पाडलं नाही. आता ती नाही, आणि तिच्यावरचा तो आळ तू तुझ्या पोटात घेऊन बसली आहेस. म्हणून लिहिलं. पुडी घे. दही खा. माझ्यावर राग धरायचा तर धर, फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. फक्त आईनं काही केलं नव्हतं, हे बाळ आल्यावर त्यालाही कधीतरी सांग.

पत्र आजच टाकतो. दुपारचा भात उरला आहे. पाणी उकळून नव्या पातेल्यात गार करत ठेवलं होतं, ते आता भातावर ओततो आणि झाकण घालतो. सकाळी कांदा चिरून खाईन.

तुझाच,
बाबा