फुगडीनं आवळायचं

प्रिय मामा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून सही सोडून काही लिहिलं नाही. अक्षर बघून हसू नको. तुला एक विचारायचंय, आणि दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. मामीनं तोंडावर सांगितलं, "मला कशाला इचारतो? तुपल्या मामाला इचार." म्हणून विचारतोय. "नट फुगडीनं आवळ" असं तू कायम म्हणायचास. हा शब्द तुला कुणी दिला?

लगेच सांगू नको. आधी झरीच्या माळावर काय झालं ते ऐक.

हुरड्याच्या दिवसांत आपल्या क्लबच्या मोटरसायकलींच्या शर्यती असतात, त्या यंदाही झाल्या. तोच माळ, तीच जुन्या टायरांची वळणं, कडेनं तीच चुन्याची फक्की. माइकवर देशमुख सरच. अजूनही प्रत्येक गाडी सुटायच्या आधी तसंच ओरडतात, "चालक अमुक, मिस्त्री तमुक." तू गेल्यावर आपली टू-स्ट्रोक कोण पळवणार म्हणून मीच होसूरच्या कारखान्यातून रजा टाकून आलो. सुपरवायझरला सांगितलं, मामाचं कार्य आहे. खोटं बोललो का मी? मला तर नाही वाटत.

तू मला शर्यतीचा एकच नियम शिकवला होतास, आठवतो? "इंजिनाच्या डोक्यावर, हेडच्या चारी नटांवर माझा लाल ठिपका दिसला तरच किक मार. न्हाई दिसला तर माझ्या सख्ख्या भावानं गाडी दिली तरी बसू नको." नट आवळला की अर्धा नटावर आणि अर्धा हेडवर असा नेलपॉलिशचा ठिपका. नट जरा जरी फिरला, तरी ठिपका तुटलेला दिसणार. लोक हसायचे. मिस्त्री नेलपॉलिश लावतो म्हणायचे. तू म्हणायचास, "ही माझी सही हाय."

इथं कारखान्यातही नट आवळला की आम्ही पिवळा रंग लावतो. पहिल्या दिवशी मला कुणी शिकवावं लागलं नाही. चार नट समोरासमोर, तिरपे, एकाआड एक आवळायचे, हेही मला आधीच येत होतं. मी तोंडानं "फुगडी, फुगडी" म्हणत आवळतो, तर आता माझ्या लाइनवरची तमिळ पोरंही तसंच म्हणतात. त्यांना वाटतं, हे पान्याचं नाव आहे.

तर झरीला उतरलो. टेम्पोतून गाडी उतरवून ठेवलेली. पुसून लख्ख केलेली. हँडलला लिंबू-मिरची, टाकीला हार. मी आधी काय बघितलं असेल? वाकून हेड बघितलं.

ठिपके होते. चारही होते. पण निळे.

मामा, म्हणजे तुझ्यामागं कुणीतरी हेड खोललं होतं. कुणी? आणि कशाला? तुझं सिलिंडर, तुझा पिस्टन आत आहे की नाही, हे बाहेरून कसं कळावं?

दिगू पाण्याचा कॅन घेऊन आला. तुझ्या हाताखाली मोठा झालेला दिगू. आता मानवतचं तुझं गॅरेज तोच चालवतो.

"दिगू, हेड कुणी खोललं?"

"खोलावं लागलं. गॅस्केट गेलं व्हतं."

"मी इचारलं कुणी खोललं."

"गॅरेजमदी खोललं. गाडी यकदम टकाटक हाय. तू बस फक्त."

"लाल ठिपका कुठं गेला?"

त्यानं कॅन खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता बाभळीकडं बघितलं. बाभळीखाली सतरंजीवर मामी बसली होती.

मला दुसरा धक्का तिथं बसला. तू पळायचास तेव्हा मामी एकदा तरी माळावर आली होती का? तूच सांगायचास, बायकांचं काम नाही तिथं. आणि आता तू नाहीस तर ती आली, आणि आली कुणासंगं? दिगूच्या टेम्पोतून.

तुला माहीत नसेल, गावातलं बोलणं होसूरपर्यंत येतं. "मिस्त्रीण रोज गॅरेजला जाती. शटर अर्धं खाली असतं." एक जण असंच फोनवर हसत हसत बोलला, तर मी त्याचा फोन कट केला. पण ऐकलेलं कट होत नाही ना. मी एका खोलीत आठ जणांबरोबर राहतो. तिथं साबणाची वडीसुद्धा खिशात घेऊन झोपावं लागतं. शक घ्यायची मला सवयच लागली आहे, मामा. कुणी गोड बोललं की मी आधी माझी पेटी बघतो.

तेवढ्यात गंगाखेडचा सुधाकर आला. तोच, दर वर्षी तुझ्यामागं राहायचा आणि परत तुझ्याच गाडीचं कौतुक करायचा. तुझ्या इंजिनावर त्याचा किती डोळा होता, ते तुलाही माहीत आहे. त्यानं गाडी चालू करून बघितली, कान दिला आणि म्हणाला, "मशीन लय गोड वाजायलंय रे विक्या. तुह्या मामाच्या टायमालाबी इतकं गोड वाजत नव्हतं." आणि दिगूच्या पाठीवर थाप मारून गेला.

थाप कशाची? दिगू लाजला कशाला? मी सगळं जोडत गेलो. खरं इंजिन सुधाकरच्या गाडीत, आणि तुझ्या गाडीत दुसरंच काहीतरी, वर निळे ठिपके. आणि मामीला हे सगळं माहीत. एकदा असं दिसायला लागलं की सगळंच तसं दिसतं. मामीनं डोक्यावरचा पदर नीट केला, तेही मला लपवल्यासारखं वाटलं.

देशमुख सरांनी जुन्या गाड्यांना बोलावलं. बाकीचे ओळीत लागायले. मी टूलबॉक्समधून पाना काढला आणि हेडला लावला.

"काय करायलास?" दिगू धावत आला.

"बघायचंय आत काय हाय."

"खोलू नको, इक्या. गॅस्केट उघडलं की गेलं. दुसरं न्हाई आपल्यापशी. शर्यत जाईल."

"जाऊ दे."

"अरे, माझ्यावर भरवसा न्हाई का तुझा?"

आणि मामा, मी बोललो. चार गावचे लोक उभे असताना बोललो. "मामाचं इंजिन खोललंस. अजून काय काय खोललंस त्याच्या घरचं?"

माइक बंद होता का, मला आठवत नाही. पण सगळा माळच बंद पडल्यासारखा झाला. दिगूचं तोंड उतरलं. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता दोन पावलं मागं सरकला.

मामी बाभळीखालून उठली. चालत आली, घाई न करता. माझ्या हातातून पाना घेतला. मला वाटलं, माझ्याच डोक्यात घालती. पण ती गाडीशेजारी बसली, पदर खोचला आणि नटावर पाना लावला. खोलायला नाही, आवळून बघायला. पुढचा उजवा. मग मागचा डावा. मग पुढचा डावा. मग मागचा उजवा. आणि ओठातल्या ओठात ती म्हणत होती, "फुगडी... फुगडी... फुगडी..."

एकही नट हलला नाही.

मग पाना माझ्या हातात परत देऊन तिनं हात पुढं केला. नखांच्या कडेला निळा रंग. अजून निघाला नव्हता.

"लाल कशाचा देऊ?" ती म्हणाली. "तुह्या आजीनं बांगड्या फोडल्या, त्याच दिवशी माझी बाटली उकिरड्यावर फेकली. रंग हाय, कुकवावानीच हाय म्हणली. पोळ्याला बैलाच्या शिंगाला आणलेला निळा उरला व्हता घरात. त्योच लावला."

तू गेलास तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बांगड्या मी बघितल्या नाहीत. बाटली तर माझ्या ध्यानातही नव्हती. ती तुझी नव्हतीच ना? तुझी सही म्हणून तू आयुष्यभर जी मिरवलीस, ती बाटली मामीची होती.

"मग आधी कोण द्यायचं ठिपका?" मी विचारलं.

"मीच."

"अन् नट?"

तिनं दिगूकडं बघितलं. दिगू मान खाली घालून म्हणाला, "मालकाचं मनगट तुटलं व्हतं ना, याच माळावर, तू ल्हान असताना. जुळलं, पर ताकद आली न्हाई. नट किती आवळला ते हाताला कळायचंच न्हाई त्यांच्या. मला शपथ घातली व्हती, कुठं बोलू नको म्हणून."

तेव्हा मला तुझं घर आठवलं. बाकी सगळं इंजिन तू गॅरेजमध्ये करायचास, पण हेड बसवायचं म्हटलं की इंजिन घरात न्यायचास आणि दार लावून घ्यायचास. "धूळ बसती," म्हणायचास. मी ओट्यावर बसून वाट बघायचो. मला वाटायचं, मामाची काहीतरी गुप्त विद्या आहे. आतून "फुगडी, फुगडी" ऐकू यायचं, आणि तो आवाज बाईचा आहे हे माझ्या ध्यानातही कसं आलं नाही? मामा, फुगडी तू कधी खेळला होतास? हातात तिरपे हात घालून पंचमीला कोण खेळतं? मिस्त्री खेळतात का?

एक सांग. मनगट गेलं हे लपवलंस, ते मी समजू शकतो. हात गेला म्हटल्यावर मिस्त्रीकडं गिऱ्हाईक कशाला येईल. पण मलाही नाही सांगितलंस? त्यापेक्षा वाईट म्हणजे "बायकांचं काम न्हाई तिथं" हे कशाला म्हणत होतास? तिच्या हातानं आवळलेली गाडी तू माळावर पळवायचास, हार तुझ्या गळ्यात, आणि ती घरी भाकरी थापत बसलेली. पळताना तिची आठवण तरी यायची का?

देशमुख सर माइकवरून ओरडले, "मानवतची गाडी हाय का न्हाई?" मामी उठली, हात पुसले आणि मला म्हणाली, "बसायचं तर बस. न्हाईतर दिगूला बसवते."

मी बसलो. सर ओरडले, "चालक विकास, मिस्त्री कैलासवासी बापूराव." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामी बाभळीकडं परत जात होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

गाडीचं काय सांगू तुला. सुधाकर खोटं बोलला नव्हता. वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली की ती अशी उचलायची की पोटात गार वाटायचं. सुधाकरला मी दुसऱ्या वळणावर गाठला, पुढंही गेलो. पण मी सरळ रस्त्याला मूठ सोडायचो. इंजिनाचा आवाज ऐकायचो. कुठं काही खडखडतंय का, नट ढिला झालाय का. डोळ्यांनी बघितलं होतं, तरी कान मानत नव्हते. तुझ्या नुसत्या ठिपक्यावर मी डोळे झाकून पळालो असतो. तिच्या हातावर तेवढा भरवसा मला ठेवता आला नाही. ऐकत राहिलो तेवढ्यात सुधाकर बाजूनं निघून गेला. मी दुसरा आलो. माझ्या शकानं मला हरवलं, सुधाकरनं नाही.

गाडी उभी करून मी वाकलो. हेड तापून लाल होतं म्हण ना. दोन ठिपके जरा करपले होते. पण चारही सरळ. एक रेषही सरकली नव्हती.

दिगूजवळ गेलो. म्हटलं, "दिगू, चुकलं माझं."

तो म्हणाला, "मला काही बी बोल, इक्या. मालकबी बोलायचे. पर तू माणसांत बोललास, अन् तिचं नाव जोडून बोललास. ते माझ्यापशी नको मिटवू."

मामीनं फडक्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं ठेवला. स्वतः जेवली नाही. मी विचारत राहिलो, कधीपासून, कसं शिकलीस, मामानं शिकवलं का तूच मामाला शिकवलंस. तेव्हा ती ते म्हणाली, तुपल्या मामाला इचार. टेम्पो निघाला तेव्हा पुढं दिगू आणि ती बसली, मी मागं गाडी धरून. मला मागं बसवलं ते बरोबरच केलं.

शटर अर्धं खाली का असतं, तेही मला आता कळलंय. हेड बसवताना तीही शटर ओढून घेते. तुझीच सवय तिला लागली आहे. बाईनं पाना धरलेला दिसला तर गिऱ्हाईक पळेल, असं तिला वाटतं. आणि गाव त्या अर्ध्या शटराखालून भलतंच काही बघतं. हे तू मागं ठेवून गेलास, मामा. तुझ्या एका सहीपायी आता तिला लोकांच्या तोंडात यावं लागतंय. आणि त्या तोंडांत परवा माझंही एक तोंड होतं.

होसूरला परत येऊन काम करायलोय. पिवळा रंग लावायलोय. इथल्या बाजारातून एक लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आहे. गावी गेलो की ती मी मामीपुढं नुसती ठेवणार, हातात देणार नाही. तिला घ्यावीशी वाटली तर घेईल. आजी काही बोलली तर आजीला उत्तर मी देईन. मामीनं नाही घेतली, तरी निळ्या ठिपक्यावर मी किक मारीन आणि सरळ रस्त्याला मूठ सोडणार नाही.

आणि अजून एक, हे तुला शब्द देऊन सांगतो. ज्या माळावर, ज्या माणसांत मी बोललो, तिथंच ते मिटवायचं आहे. येत्या हुरड्याला मामीला विचारून देशमुख सरांजवळ जाईन. तुझं नाव यंदा शेवटचं घेतलं, असं समज. राग मानू नको. सर माइकवर ओरडतील, "चालक विकास, मिस्त्री चंद्रकलाबाई." आणि ती बाभळीखाली बसलेली नसेल. गाडीपाशी उभी असेल.

तुझा भाचा,
विक्या