दोराला पडलेला दुसरा झोळ

२ जून १९२८, मर्गिलान
पोचले. ताश्कंदच्या मासिकाने सर्कशीचे फोटो काढायला पाठवलंय. मैदानाच्या कडेला चहाखान्यावर खोली मिळाली. नान गरम, जर्दाळू गोड, उजेड स्वच्छ.

माणसं मात्र अडाणी. सर्कशीचे उस्ताद मोयदिन यांची लेक अंजिरत तंबूबाहेरच्या दोरावर चालते. दोर उंच खांबावरून उतरत जमिनीतल्या मेखेला येतो. चढण्याआधी ती खालच्या प्रत्येकाला विचारते, राजी आहात? सगळ्यांनी ‘राजी’ म्हटलं की ती सुखरूप उतरते म्हणे! मी तोंड उघडलं नाही. असल्या जत्रेत मी कशाला मान डोलवू?

४ जून
आजही गप्प. उस्ताद म्हणाले, ताई, एका शब्दाने तुमचं काय झिजतं? चहावाले कोसिमबाबा खिदळले, पोरीची जीभ ताश्कंदलाच राहिली वाटतं!

खरं इथे लिहिते. चालणाऱ्या बाईचे फोटो ढिगाने मिळतात. पडणारीचा एक मिळाला, तर मुखपृष्ठ माझं. मग राजी कशी म्हणू? निदान मी ढोंग करत नाही.

५ जून
फोटोच्या काचा धुतल्या. दोर अंजिरतच्या पायाखाली वाकलाय. तिच्या मागे दहा हातांवर आणखी एकदा वाकलाय. तिथे कुणी नाही. भिंगाचा दोष.

७ जून
भिंग बदललं. दुसरा झोळ पाच हातांवर. उस्तादांना काच दाखवली. म्हणाले, अडवून ठेवलेला शब्द खाली थांबत नाही, वर चढतो. गावंढळ शहाणपण! तरी काच पुन्हा उजेडात धरून पाहिली.

८ जून
झोळ तिच्या टाचेशी. ती लटपटली, तोलकाठी फिरली, सावरली. मी श्वास रोखला होता. पडावी म्हणून—

९ जून
अंजिरत खोलीवर आली. ताई, मागून कुणीतरी चालतं, दोर हलतो, आता तरी म्हणा ना, म्हणाली. म्हटलं. तीनदा म्हटलं. पोरीने माझा हात डोळ्यांना लावला. मूर्ख.

१० जून
ती सुखरूप उतरली. काचेत मागे काही नाही. झोळ तिच्या पुढे. उतारावर. मेखेकडे, माझ्या कॅमेऱ्याकडे. उस्तादांना विचारलं. म्हणाले, जिचा शब्द, तिच्याकडे परत येणार. नजर चुकवून म्हणाले.

११ जून, सकाळ
आज खेळ नाही. दोरावर कुणी नाही. तरी वाकलाय— खिडकीतून, उघड्या डोळ्यांनी— मेखेपासून चार हात. दोन.

दोर ताठ झाला.

खाली कोसिमबाबा कुणाला तरी सांगताहेत, ताई वरच आहेत, जा की. दार उघडं आहे. जिना दिसतो. कुणी नाही. खालची फळी वाकली. दुसरी. तिस—