डोक्यावरच्या मिऱ्या

४ जून
डॉक्टरांनी लाल तिखट बंद केलं. मिरी चालेल, बेताने. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी, दहा स्टँडांवरची मिसळ पचवली, आणि शेवटी हे. सूनबाई (कल्पना) म्हणाली, "आबा, मिरीत करीन सगलं. कलनारबी नाय."

९ जून
जिताड्याचं कालवण मिरीत. मिरचीची आठवण झाली नाही. तिला तसं सांगितलं नाही.
दुपारी टीव्हीवर रेसिपी सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, वरून थोडा पेपर टाका. मी हातातला पेपर उचलून दाखवला. कल्पना पोट धरून हसली. मुलगा (प्रशांत) सेकंड शिफ्टला, घरात आम्ही दोघंच. बरं चाललंय.

२१ जून
जेवताना सांगून मोकळी झाली. सोमवारपासून माहेरी, पेणजवळ जोह्याला. गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायला. डोळे काढणारा हात सहज मिळत नाही, तिचा आहे. लग्नाआधी तेच करायची. आता विसर्जनापर्यंत तिकडेच. प्रशांतला आधीच माहीत. मला विचारलं नाही, कळवलं. राग आला.

२२ जून
पेणहून ताईचा फोन. "सुनेला डोक्यावर बसवलंस तू."
मी म्हटलं, "बसत्येय कसली, मिऱ्या वाटत्येय डोक्यावर."
आत वरवंट्याचा आवाज थांबला. ती खरंच मिरी वाटत होती. मग पुन्हा सुरू झाला, पण हळू.
संध्याकाळी वरणभात. मिरी नाही.

२४ जून
सकाळच्या गाडीने गेली. पाया पडली. ओट्यावर बाटलीभर मिरपूड, वर चिठ्ठी चिकटवलेली: 'आबा, पाट्यावर वाटली आहे. डोक्यावर नाही. महिनाभर पुरेल.'
प्रशांत म्हणाला, "काय बोललात तिला?"
तिला काहीच बोललो नव्हतो. तीच तर अडचण.

२९ जून
आमटी मी केली. मिरी जास्त पडली. प्रशांत सांगत होता, जोह्याला गणपतींच्या कारखान्याशेजारी खोली मिळते. विसर्जनानंतरही तिथेच राहू म्हणते. तो तिकडून कंपनीत जाईल. मी 'बरं' म्हटलं. बरं कसलं! नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे रोह्यात गेलो, उगाच एसटी स्टँडवर बसून आलो. शेवटी ठरवलं, जाऊन माफी मागायची.

३ जुलै
रिकाम्या हाताने कसं जायचं? बाटलीत अर्धीअधिक मिरपूड शिल्लक. ती पेपरात पुडी बांधून ठेवली, रिकामी बाटली घेतली, भरून मागायला. चिठ्ठी तशीच.
पेणपर्यंत गाडी, पुढे बस. कारखान्यात कल्पना एका मूर्तीसमोर. एक डोळा काढून झालेला, दुसरा व्हायचा. तोंड उघडलं तर शेजारच्या बाईने खुणेनेच गप्प केलं. आखणी चालू असताना बोलायचं नाही, हात हलतो. बाटली मांडीवर धरून बसलो. पाठ केलेलं वाक्य मनातल्या मनात तीनदा म्हटलं.
दुसरा डोळा झाला. ब्रश ठेवून तिने बाटलीकडे पाहिलं.
"म्हयन्याची वाटलेली. धा दिवसांत खाल्लीत?"
"व्हय."
"नि पोट?"
"जलतंय." एवढं एकच खरं बोललो.
तिने बाटली घेतली, ब्रशांच्या डब्याशेजारी ठेवली. चहा आणून दिला. पुढच्या मूर्तीकडे वळली. पुन्हा सगळे गप्प.
पेण स्टेशनात आल्यावर लक्षात आलं, ते वाक्य राहिलंच.
बाटली तिच्याकडे आहे.