बोंबलांची वलांडी कोणी बदलली?

१० जानेवारी २०१८
माझ्या वलांडीला कोणीतरी हात लावलाय. आम्ही बनवतोय त्या गेममधलं मागचं दृश्य: डहाणूजवळच्या आगरचा किनारा, आडवा बांबू, त्यावर सुकत घातलेले बोंबील. चित्राचा एकच चौकोन शेजारी शेजारी लावत गेलं की लांबलचक वलांडी होते. काल चौकोनांचे सांधे दिसत होते, बाथरूमच्या फरशीसारखे. आज गायब. मी केलेलं नाही, देवाशपथ.

१२ जाने.
स्टुडिओत पासपोर्ट फोटोंची गर्दी, तरी मधेच कल्पेशला तलासरीला फोन लावला. कोड त्याचा, चित्रं माझी, नेटवरचा फोल्डर दोघांचा, असं ठरलेलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, चित्रं उघडलेलीस का? नाही म्हणाला. फार पटकन म्हणाला.

१५ जाने.
ताडाची झाडंही बदलली. सगळी एका साच्यातली होती, आता एक वाकडं, एकाला पानं कमी. चांगली दिसतात, हेच तर खुपतं. कुठेतरी पाणी मुरतंय. क.ने दुसरा कोणी गाठलाय, वापीचा नाहीतर बोईसरचा. मला हळूच बाजूला सारणार आणि गेम निघाला की नाव त्या दुसऱ्याचं. इतक्या संध्याकाळी डोळे फोडले ते यासाठी?
फोल्डरचा पासवर्ड बदलला. क.ने मागितला की देईन. बायकोलाही सांगितला नाही.

१९ जाने.
मुद्दाम वलांडी बिघडवली. एकेक बोंबील शेपटीला धरून उलटा टांगला. क.ने पासवर्ड मागितला, दिला. आता बघू.

२० जाने.
दुरुस्त! दोन-दोन बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, बांबूच्या दोन्ही अंगांना. जोडीतला एक या चौकोनात, दुसरा पुढच्यात, म्हणून सांधा झाकला जातो. किनाऱ्यावरच्या माणसालाच हे सुचणार. म्हणजे क.ने डहाणूतलाच कोणी धरलाय. माझ्या नाकासमोर.

२१ जाने., रवि.
तलासरीला गेलो. नाक्यावर चहा घेताना सरळच विचारलं, कोण आहे तो. आधी हसला, मग भडकला. "माझ्यावर डाउट असेल ना, तर बंद करू यार." चहा अर्धा टाकून निघून गेला.
चोर तो आणि रागावणार पण तोच.

२५ जाने.
आमच्या मसोलीत सकाळपासून नेट नाही, कुठे तरी खोदताना केबल तुटली म्हणे. संध्याकाळी मशीन लावलं तर रेतीचा चौकोन बदललेला.
नेट नाही तर क. येणार कुठून? आणि पासवर्ड नेटवरच्या फोल्डरला, घरच्या मशीनवर फाइली उघड्याच.
घरात दिवसभर एकच माणूस, माझी बायको. वैशाली. माहेर आगरचं, लहानपण वलांडीखाली गेलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. क.ला काय काय बोललो मी…

२६ जाने.
सुट्टी. विचारलं. नाकारलं नाही तिने. म्हणाली, मॅटीच्या कापडावर भरतकाम करतो तसंच आहे हे, घरं मोजायची, जोड दिसू द्यायचा नाही. उलटे टांगलेले बोंबील बघवेनात, आईने बघितलं असतं तर हसली असती. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस?
"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतात?"
राग आहे, पण कोणावर ते कळेना. आणि हिने आणखी काय काय बदललंय? दुपारभर जुन्या फाइली उघडून बघत होतो. कुठलं माझं, कुठलं तिचं, काही ठिकाणी मलाच सांगता येईना.

३० जाने.
क.ची माफी मागितली. माझाच गैरसमज झाला, एवढंच म्हटलं. वै.चं बोललो नाही. का नाही बोललो?

४ फेब्रु., रवि.
क.चा फोन. हात तेलाचे, म्हणून स्पीकरवर टाकला. गेमच्या शेवटी नावं येतात ना, ती टाकतोय म्हणाला. "बॅकग्राउंडला तुझं एकट्याचंच ना?"
वैशाली समोर विळीवर भेंडी चिरत होती. हात थांबला तिचा.
मी म्हटलं, उद्या सांगतो.
क. म्हणाला, "का? अजून कोण आहे?"